भोपळ्याच्या जपावर लागलेली ज्योत

तळ्याचा बांध त्या संध्याकाळी माणसांनी नुसता फुलला होता. भिसेगावचे लोक होते, पळसदरीचे होते, खालापुराहून गाड्या जुंपून आलेले होते. म्हातारी माणसं पुढे बसली होती, लेकुरवाळ्या मागे उभ्या होत्या आणि तरणीताठी मंडळी जांभळाच्या फांद्यांवर चढली होती. सगळ्यांचे डोळे एकाच जागी. जांभूळतळ्याच्या मधोमध एक लांबट, सपाट, लोखंडी नाव चारी बाजूंनी दोर टाकून उभी केली होती. नावेवर भगव्या कापडाचा मंडप, मंडपातून वर निघालेली उंच काठी आणि काठीच्या टोकाला आठ पात्यांचं पत्र्याचं चक्र. याला सुदर्शनचक्र म्हणायचं, असा हुकूम होता.

जर्मनी-जपानची लढाई संपून वर्ष झालं होतं. कापड मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, रॉकेलच्या बाटलीसाठी लोक सकाळपासून रांगा लावत होते. अशा दिवसांत तेलावाचून दिवा लावणारा माणूस देवापेक्षा कमी कसा म्हणायचा?

बांधाच्या टोकाला दगडावर उभा राहून पोपट ओरडत होता. पोपट मूळचा खालापूरचा, लोकांना अर्ज लिहून देणारा. महाराज आल्यापासून त्यानं अर्ज सोडले आणि आरत्या धरल्या. दोन्हींत मजकूर साधारण एकच असतो, फक्त पत्ता बदलतो.

"बघा, नीट बघा!" पोपट म्हणाला. "काठापासनं नावेपत्तुर तार हाय का?"

"नाय!" लोक म्हणाले.

"खांब हाय का?"

"नाय!"

"खोपोलीची वीज कशी येते? तारेवरनं येते. सायबाला सुदिक तार लागते! आपल्या जलदीपानंद महाराजांना तार नको, तेल नको, वात नको, काडी नको. निस्तं पाणी आणि नाम! बोला, जलदीपानंद महाराज की..."

"जय!" झाला आणि त्याच वेळी मंडपातल्या कागदी कमळात पांढरी, स्थिर, न थरथरणारी ज्योत लागली. बायकांनी पदर पसरले. एका म्हाताऱ्याला हुंदका फुटला. खरं तर त्याहून मोठे दिवे कर्जत स्टेशनात रोज लागत होते आणि त्यांना आजवर कोणी नारळ फोडला नव्हता. पण स्टेशनातल्या दिव्याखाली तिकीट विचारतात. इथे कोणी कोणाला काही विचारायचं नाही, हा पहिला नियम होता.

गर्दीत एक बाई हात न जोडता उभी होती. ती भिसेगावची चंद्राबाई. तिचा नवरा मालोजी कर्जतच्या यार्डात आगगाडीच्या डब्यांतले दिवे दुरुस्त करणारा फिटर होता. चंद्राबाईला देवाधर्माचं वावडं नव्हतं. उपास करायची, देवीला ओटी भरायची. फक्त प्रत्येक गोष्टीला "ते कसं काय?" विचारायची तिला खोड होती, आणि या खोडीपायी सासरी तिनं पुष्कळ ऐकून घेतलं होतं. आज ती आली होती धाकट्या बहिणीसाठी. बहीण जयवंता पळसदरीला असे. तिच्या खांद्यावर गोधडीत गुंडाळलेली आठ वर्षांची ठकी होती. ठकीला हिवताप होता. एक दिवसाआड पोर थडथडा उडत असे आणि मग तव्यासारखी तापत असे.

"जयवंते, दवाखान्यातनं आणलेलं कोयनेल देतेस का तिला?" चंद्राबाईनं विचारलं.

"नाय, आक्का. महाराजांनी मना केलंय. कडू औषध पोटात असलं की जलशक्ती उतरत नाय म्हनं. एकवीस दिस शक्तिपात घ्यायचा. आज नववा."

"आणि ताप?"

"ताप म्हंजे पाप बाहेर पडतंय, असं पोपटदादा बोलला."

चंद्राबाईनं ठकीच्या कपाळाला हात लावला. पाप फारच जोरात बाहेर पडत होतं. आठ वर्षांच्या पोरीनं इतकं पाप कधी केलं, हे विचारायला तोंड उघडलं, पण जयवंताचे डोळे पाहून तिनं ते मिटलं. जयवंताचा नवरा मुंबईत गिरणीत होता, दोन पोरं आधीच तापानं गेली होती. अशी बाई भांडून ऐकत नाही, हे चंद्राबाईला कळत होतं.

"उद्या मी येते तुज्यासंगं नावेवर," ती म्हणाली.

महाराज येऊन तीन महिने झाले होते. पोपटाच्या सांगण्याप्रमाणे आषाढातल्या एका सोमवारी पहाटे ही नाव तळ्याच्या बुडातून आपोआप वर आली आणि तिच्यावर महाराज ध्यानस्थ बसलेले होते, कोरडे ठणठणीत. तेव्हापासून तळं पवित्र झालं. तळ्यात मासे धरायचे नाहीत, धुणं धुवायचं नाही. नावेवर उदबत्ती, कापूर, विडी काही पेटवायचं नाही, कारण अग्निदेव आणि जलदेव यांचं वैर. महाराज पैशाला शिवत नसत. त्यांना तांदूळ चाले, तूप चाले, कोंबडीसुद्धा चाले. मात्र सगळ्यांत आवडे ते 'अधांतरी पाणी'. म्हणजे आभाळातून पडलेलं, जमिनीला न लागलेलं, तांब्यापितळेचा स्पर्श न झालेलं, काचेच्या बरणीत धरलेलं पावसाचं पाणी. लोक आपल्या लोणच्याच्या बरण्या धुऊन पावसात मांडत आणि भरून नेऊन देत. महाराज हे पाणी प्राशन करतात, असं पोपट सांगे. प्राशन करताना मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोपटानं तिघींना होडक्यातून नावेवर नेलं.

मंडपात काळोख आणि थंडावा होता. एका बाजूला पाचसहा माणसं घामाघूम होऊन एक यंत्र फिरवत होती. लाकडी तिपाई, तिच्यावर भगव्या कापडात गुंडाळलेला डबा, डब्याला दोन बाजूंनी दोन हँडलं. दोघांनी समोरासमोर बसून ती गरगर फिरवायची आणि तोंडानं 'जलदीपानंद, जलदीपानंद' म्हणायचं. दमले की दुसरी जोडी. हे जपयंत्र. दसऱ्यापासून नवीन सुरू झालं होतं. एका माणसाची तासाभराची पुण्याई यात साठते आणि तीच संध्याकाळी ज्योत होऊन लागते, असं महाराजांनी जाहीर केलं होतं.

इथे एक गोष्ट महाराजांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. हे वाक्य त्यांच्या तोंडचं एकमेव खरं वाक्य होतं.

महाराज पन्नाशीचे, गोरे, जाड मानेचे. दाढी चांगली जोपासलेली. त्यांनी ठकीचा हात धरून तिच्या मुठीत पितळी साखळी दिली, दुसऱ्या हाताखाली तांब्याची पट्टी ठेवली आणि डोळे मिटून पायाच्या अंगठ्यानं फळीवर काहीतरी दाबलं. कुठेतरी माशी घोंगावल्यासारखा आवाज झाला आणि ठकी किंचाळून ताडकन उडाली. तिच्या मुठी आवळल्या गेल्या. साखळी सोडवायला जयवंताला तिची बोटं एकेक करून उकलावी लागली.

"शक्ती चढली," महाराज गंभीरपणे म्हणाले.

चंद्राबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. ती उसळून बोलणार, तेवढ्यात तिची नजर महाराजांच्या कफनीवर गेली आणि तिथेच थांबली.

कफनीला भोकं होती. मसुराच्या डाळीएवढी, गुडघ्यापासून खाली विखुरलेली. उंदरानं कुरतडलेलं भोक वेगळं असतं, विडीच्या ठिणगीचं वेगळं. ठिणगीच्या भोकाला काळी कड असते. या भोकांची कड पांढुरकी, भुसभुशीत. बोट लावलं तर धागा पिठासारखा गळून पडावा. अशी भोकं चंद्राबाई अठरा वर्षं रफू करत होती. नवऱ्याची खाकी विजार नवी आणली की महिनाभरात तिची चाळण होई. आणि मंडपातला हा आंबूस, नाकाला झोंबणारा वास! हा वास तर तिच्या घरी रोज संध्याकाळी सहाच्या भोंग्यानंतर दारातून आत येत असे.

"महाराज," चंद्राबाई अगदी नम्रपणे म्हणाली, "कफनीला भोकं कशानं पडली वो?"

महाराजांनी डोळे उघडले. "भक्तांची पापं जाळताना ठिणग्या उडतात, बाई."

"असं होय?" चंद्राबाई म्हणाली. म्हणजे आपला नवरा यार्डात रोज पापं जाळतो आणि वर दिवाळीला सुट्टीही मागतो, हे तिला आजच कळलं.

संध्याकाळी मालोजी घरी आला तेव्हा तिनं चहाच्या आधी प्रश्न पुढे ठेवला.

"अवो, तुमच्या डब्यातला दिवा कशावर लागतो?"

"आता काय हे? पेटीवर लागतो. डब्याखाली बॅटरीच्या पेट्या असतात."

"आणि पेटीत वीज कुठनं येते? तारेवरनं?"

"कुठली तार? खोपोलीची गाडी कोळशावर चालते, वर तार नाय, तरी डब्यात दिवा हाय का नाय? चाकाच्या आसाला पट्टा असतो. चाक फिरलं की पट्टा फिरतो, पट्ट्यानं डायनामो फिरतो, डायनामोतनं वीज पेटीत भरते. गाडी हुबी ऱ्हायली की पेटीत भरलेलं खर्चायचं."

"गाडी लई दिस हुबीच ऱ्हायली तर?"

"तर पेटी रिकामी होते. दिवा पिवळा पडतो, मग लाल, मग काळोख. कुणीतरी ती भरायला पायजे."

"त्या पेटीत पानी कसलं घालता?"

मालोजीनं तिच्याकडे पाहिलं. "गाळीव. वाफेचं. ज्या तेजाबानं माजी विजार जळते, त्यात मिसळायचं. इहिरीचं पानी घातलं तर पेटी खराब होते. नायच मिळालं तर पावसाचं, काचेत धरलेलं... अगं, पण तू का इचारतेस?"

"आणि पेटीजवळ विडी का वढू देत नाय तुमी कुणाला?"

"पेटी भरताना वायू सुटतो. ठिणगी पडली तर धडाका हुईल." एवढं बोलून मालोजी थांबला. चहाची बशी त्याच्या हातात तशीच राहिली. "चक्र," तो हळूच म्हणाला. "काठीवरचं ते चक्र! वारा हाय तवर चक्र डायनामो फिरवतं. आता दसऱ्यापासनं वारा पडलाय..."

"म्हनून जपयंत्र आलं," चंद्राबाई म्हणाली. "वारा पडला, तवा मानसं जुंपली."

मग मालोजीला भीती वाटायला लागली. तो भला माणूस होता, पण भलेपणाचा एक भाग घाबरटपणाचा असतो. "हे बघ, माजा थोरला भाऊ तिथं रोज जातो. यार्डातली निम्मी मानसं जातात. उद्या आपल्याला कोन आगपानी देनार नाय. तू उगाच..."

"ठकी मरंल," चंद्राबाई म्हणाली.

मालोजीनं चहा एका घोटात पिऊन टाकला आणि बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई तळ्याच्या पलीकडच्या कातकरवाडीत गेली. तिथली जना तिला बाजारात मासळी विकायची. तीन महिन्यांत जनाची टोपली आली नव्हती. जना दारात करवंदीच्या फोकांची टोपली विणत बसली होती. टोपल्या कोणी घेत नव्हतं, पण हात रिकामे ठेवणं तिला जमत नव्हतं.

"तळं पवित्र झालं, बाय," जना म्हणाली. "आमी बाटवतो म्हनं. माझा नवरा शुक्रा आता वीटभट्टीवर गेला, बोईसर का कुठं. पोरं कंदं खातात."

"नाव खरंच बुडातनं वर आली का गं?"

जनानं तोंडातलं पान थुंकलं. "बुडातनं? मालमोटारीतनं आली. मिल्ट्रीची मोठी मोटार. चिखलात चाकं रुतली, तवा शुक्रानंच ढकलाया मदत केली. त्याला त्यांनी एक बंडी दिली आणि बोलू नको सांगितलं. मंग आमी बोललो तरी आमचं कोन ऐकतंय?"

"आणि ज्योत?"

"वारा असला की पांढरी. वारा नसला की अशी." जनानं चुलीतला विझत आलेला निखारा दाखवला. "आमी रोज बघतो. तुमचं लोक हात जोडून डोळं मिटतात, त्यानला कसं दिसंल?"

लष्करी भंगाराचे लिलाव त्या वर्षी गावोगाव होत होते. कोणी तंबू घेतले, कोणी टायर घेतले. या माणसानं नाव, बॅटऱ्या, डायनामो आणि बिनतारी यंत्राला वीज पुरवायचं हातानं फिरवायचं यंत्र घेतलं आणि दाढी वाढवली. भांडवलात सगळ्यांत स्वस्त दाढी पडली असावी.

चंद्राबाई तिथून थेट पळसदरीला गेली. ठकीचा ताप चढला होता. तिचे ओठ फुटले होते, पोटाच्या डाव्या बाजूला सुजलेली पानथरी हाताला लागत होती. जयवंता उशाशी बसून नाव घेत होती.

"जयवंते, मी तुला महाराज खोटा हाय असं बोलनार नाय," चंद्राबाई म्हणाली. "तू ऐकनार नायस. आपन पैज लावू. उद्या जपयंत्रावर तुझी पाळी हाय ना? तुझ्या जोडीला मी बसते. आपन दोघी यंत्र फिरवू, आनखी कुणाला बसू द्यायचं नाय. पन नाव घ्यायचं नाय."

"मग काय घ्यायचं?"

"भाज्या. भोपळा, पडवळ, शिराळं, कारलं."

जयवंताचा चेहरा पांढराफटक पडला. "आक्का! पोरीवर कोप झाला तर?"

"कोप मी माझ्यावर घेते. संध्याकाळी ज्योत लागली नाय, तर मी तुझ्या पाया पडून माफी मागंन आणि एकवीस दिस पुरं करीन. लागली, तर दुसऱ्या दिशी ठकी दवाखान्यात."

जयवंतानं ठकीची गोधडी नीट केली. मग होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशीचा तो जप ज्यानं ऐकला असता त्याला हसू आवरलं नसतं. पण जयवंताच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ओठांतल्या ओठांत ती "भोपळा... पडवळ..." म्हणत होती आणि प्रत्येक भोपळ्याला दचकून वर पाहत होती, की आभाळातून काही कोसळतंय की काय. समोर चंद्राबाई "कारलं, कारलं, कारलं" पुटपुटत नेटानं फिरवत होती. महाराज दोन हात अंतरावर डोळे मिटून बसले होते. "वा! कशी तन्मयता!" ते म्हणाले. "या भगिनींच्या मुखातून नाम कसं झिरपतंय!"

दिवेलागणीला जयवंता बांधावर उभी राहिली. पोपटानं तार विचारली, खांब विचारला. जय झाला. आणि ज्योत लागली. पांढरी, स्थिर, रोजच्यापेक्षा थोडी उजळच, कारण रोजच्या भक्तांपेक्षा या दोघी बायकांचे हात जात्यावर तयार झालेले होते.

"भोपळ्यावर लागली," जयवंता पुटपुटली. मग तिचा चेहरा असा बदलला, की चंद्राबाईला भीती वाटली. "आक्का, दहा दिस. दहा दिस मी माझ्या पोरीला त्याच्या हातानं झटकं देवविलं."

उजाडायच्या आत ती ठकीला खांद्यावर टाकून कर्जतच्या वाटेला लागली. डॉक्टर तिला खूप बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि समोर उभं राहून ठकीला कोयनेलचा पहिला घोट पाजला.

चंद्राबाईचं काम तिथे संपलं असतं. पण बांधावर रोज नवी आजारी पोरं येत होती. त्यात वसुबारसेचा महामेळा जाहीर झाला. त्या दिवशी जपयंत्रावर फक्त सवाष्णी बसणार होत्या. चंद्राबाईनं भिसेगावच्या नऊ बायका गोळा केल्या. त्यांच्यातल्या कोणी पटून आल्या, कोणी नुसती गंमत बघायला आल्या. विमलबाई नावाची एक वयस्क बाई तर भोपळ्याची गोष्ट ऐकून रागावलीच होती; "मी तुझं खोटं पाडायला येते," असं सांगून ती होडक्यात बसली.

वसुबारसेच्या दुपारी बायका यंत्राभोवती दाट कोंडाळं करून बसल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात नाव घ्यायला लागल्या. खरं नाव, 'जलदीपानंद'. पाव तास झाला, अर्धा तास झाला. यंत्राला कोणी हात लावेना.

महाराजांनी डोळे उघडले. "मातांनो, यंत्र फिरवा."

"महाराज, ज्योत नामानं लागते ना?" चंद्राबाईनं विचारलं.

"अर्थात!"

"मग हातांना शीण कशाला? आज नाम दुप्पट घेतो."

"ते... यंत्र म्हणजे... नामाला गती लागते!"

"आमी भरभर घेतो," चंद्राबाई म्हणाली आणि बायकांनी असा वेग धरला, की महाराजांना आपलं नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे कळेना. त्यांनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, मौन धरून पाहिलं. स्वतः हँडल फिरवायला ते उठलेही, पण बायकांच्या कोंडाळ्यातून वाट नव्हती आणि मंडपाचे पडदे त्या दिवशी दर्शनासाठी उघडे होते. काठावरून सगळा तालुका बघत होता.

सूर्य डोंगराआड गेला. पोपटानं तार विचारली, खांब विचारला, जय केला. कमळात ज्योत आली, पिवळी. लोक वाट पाहत राहिले. पिवळ्याची नारिंगी झाली. नारिंगीची लाल. मग कमळात नुसता एक लालसर तारेचा तुकडा दिसला आणि तोही गेला.

बांधावरच्या पुढच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली.

"इटाळ!" पोपट ओरडला. "कुणीतरी इटाळ केला!"

"इटाळ नाय, आळस केला!" नावेवर उभी राहून चंद्राबाईनं हाक दिली. "नाम मनापासनं घेतलं, दुप्पट घेतलं. हँडल तेवढं फिरवलं नाय! आठ दिसांमागं मी आणि माझ्या बहिनीनं हँडल फिरवलं आणि भोपळा-पडवळाचा जप केला, तवा तुमची ज्योत लखलखीत लागली होती. इचारा जयवंताला, बांधावरच हुबी हाय!"

गर्दीत गलका उठला. कोणी चंद्राबाईला शिव्या दिल्या, कोणी हसलं. तेवढ्यात बांधावरून एक माणूस खाली उतरला. अंगात रेल्वेची खाकी, विजारीला भोकं, हातात कंदील आणि पान्हा. मालोजी होता. त्याचे पाय लटपटत होते, हे चंद्राबाईला एवढ्या लांबूनही दिसलं आणि त्याच क्षणी तो तिला लग्नानंतर पहिल्यांदा देखणा वाटला. जनानं ओंडक्यांचा तराफा पाण्यात ढकलला आणि त्याला नावेवर आणलं. तळ्यात तराफा घालायला मनाई होती. ती मनाई त्या संध्याकाळी कोणाला आठवली नाही.

मालोजीनं आधी कंदील लांब ठेवायला सांगितला. मग मंडपातल्या दोन फळ्या उचकटल्या. खाली दोन काळ्या बॅटऱ्या, त्यांच्यापासून कमळापर्यंत कापडाच्या घडीत लपवलेली तार, काठीच्या बुडाशी पट्ट्यानं जोडलेला मोटारीचा डायनामो आणि ठकीला झटके देणारं, मोटारीतच ठिणगी पाडायला वापरतात ते तारेचं वेटोळं. बाजूला लोणच्याच्या बरण्यांतलं अधांतरी पाणी ओळीनं मांडलेलं.

मालोजी वाकून बघत राहिला. "काम चोख हाय," तो नकळत म्हणाला. महाराजांची मान क्षणभर ताठ झाली. लष्कराच्या मोटारखान्यात बारा वर्षं काढलेल्या माणसाला ही दाद बहुधा दाढीवाल्या अवतारात प्रथमच मिळाली होती.

एक बॅटरी, जपयंत्र आणि दिवा होडक्यात घालून बांधावर आणला. मालोजीनं तारा जोडल्या आणि पोपटाला पुढे ओढलं.

"फिरव."

"मी नाय फिरवनार!"

"फिरव, आणि मनात येईल ते बोल. नाव सोडून."

चारी बाजूंनी लोक दाटले, तेव्हा पोपटानं हँडल धरलं आणि फिरवता फिरवता चंद्राबाईला, मालोजीला, रेल्वेला आणि स्वतःच्या नशिबाला अशा अस्सल शिव्या मोजायला सुरुवात केली, की म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. शिवी वाढली तसा हात वाढला, आणि दिव्यातली तार लाल झाली, पिवळी झाली आणि पांढरी लखलखीत पेटली.

बांधावर हशाचा स्फोट झाला. तो हशा विरताच राग आला, आणि चारपाच तरणे होडक्याकडे धावायला निघाले.

"मारू नका त्याला!" चंद्राबाई ओरडली. "माराल, तर उद्या त्याची समाधी बांधाल. जाऊ द्या. त्यानं फसवलं, पन हँडल आपनच फिरवलं की! त्यानं डोळं मिटा म्हटलं आणि आपन मिटलं. जनाला तीन महिन्यांमागं ठाऊक होतं, तिला कुणी इचारलं का? दिवा लागला तर पेटी कुठं हाय ते बघावं. पोराला ताप आला तर दवाखान्यात न्यावं. देवाला हात जोडा, मी कुठं नको म्हनते? पन हात जोडताना डोळं उघडं ठेवा."

महाराज त्याच अंधारात पलीकडच्या काठाला पोहत जाऊन चालते झाले. कोणी म्हणतात घाटावर गेले, कोणी म्हणतात पेणच्या बाजूला मोटारदुरुस्तीचं दुकान काढलं. दुकान काढलं असेल तर चांगलंच चाललं असेल. लोखंडी नाव कातकरवाडीला मिळाली, जनाची मासळी बाजारात पुन्हा दिसू लागली आणि शुक्रा भट्टीवरून परत आला. पोपट अर्ज लिहायला बसला आणि आपल्याला आधीपासूनच शंका होती, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. ठकीला बरं व्हायला दोन महिने लागले. चमत्कारात एका झटक्यात बरं होतं. औषधाला वेळ लागतो.

त्या संध्याकाळी गर्दी पांगल्यावर विमलबाई मात्र बांधावर बसून राहिली. मग तिनं जयवंताला हळूच विचारलं, "माझा नातू पंधरा दिस तापतोय. मी त्याला उद्या शक्तिपाताला आननार होते. आता गं काय करू?"

"कोयनेल किती कडू हाय ते बघू नका," जयवंता म्हणाली. "नाक दाबून पाजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधी विमलबाई नातवाला कडेवर घेऊन पायरीवर बसलेली होती.